प्रकाशवक्रावरून अतिनवताऱ्याची जात ओळखणे: मशीन लर्निंगचा क्लासिफायर पहिल्यापासून कसा बांधावा

कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरची ४८ इंची सॅम्युअल ओशिन दुर्बीण २०१८ पासून झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीसाठी, म्हणजे झेडटीएफसाठी, आकाश पिंजून काढते आहे. ३० सेकंदांच्या एका छायाचित्रात ४७ चौरस अंश आकाश मावते, म्हणजे पौर्णिमेची सव्वादोनशेहून जास्त चंद्रबिंबे. नव्या छायाचित्रातून त्याच जागेचे जुने संदर्भचित्र वजा करतात आणि उरलेल्या चित्रात जे ठळक दिसेल त्याचा अलर्ट बाहेर पडतो. चांगल्या रात्री असे काही लाख अलर्ट निघतात. त्यांत अतिनवतारे (स्फोट होऊन झळकणारे तारे, म्हणजे सुपरनोव्हा) असतात, भडकणाऱ्या द्वैती ताऱ्यांचे उद्रेक असतात, दीर्घिकांच्या गाभ्यातली चंचल कृष्णविवरे असतात, वाटेने जाणारे लघुग्रह असतात आणि कॅमेऱ्यातून आलेला निव्वळ कचराही असतो. जात खात्रीने सांगायला वर्णपट लागतो, पण वर्णपट घेणाऱ्या दुर्बिणींचा वेळ मोजकाच. कोणाचा वर्णपट आज रात्री घ्यायचा हे ठरवायला क्लासिफायर, म्हणजे जात सांगणारा प्रोग्रॅम, हवा. चिलीतल्या रुबिन वेधशाळेची आखणी तर रात्रीला सुमारे १ कोटी अलर्टची आहे. तिथे डोळ्यांनी चाळणे शक्यच नाही.

खालची कृती १६ जीबी मेमरीच्या साध्या लॅपटॉपवर, पायथन आणि सर्वांना खुल्या असलेल्या झेडटीएफच्या डेटावर होते. मॉडेल निवडणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. क्लासिफायर फसतो तो जवळजवळ नेहमी लेबलांमुळे, गळतीमुळे (चाचणीचे उत्तर शिकवणीत शिरण्यामुळे) आणि चुकीच्या चाचणीमुळे. म्हणून इथे मॉडेलला एक परिच्छेद दिला आहे आणि बाकी जागा डेटाला.

१. आधी प्रश्न नेमका करा

‘घटनांचे वर्गीकरण’ हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. अलर्ट खरा की खोटा? खरा असेल तर ढोबळ जात कोणती: अतिनवतारा, बदलता तारा, सक्रिय गाभा की लघुग्रह? आणि अतिनवतारा असेल तर कोणता? पहिल्याचे उत्तर एका चित्रावरून मिळते, दुसऱ्याचे काही दिवसांत, तिसऱ्याला दोन-तीन आठवडे लागतात. तिन्ही एकाच मॉडेलवर लादले की ते तिन्हींत मध्यम निघते. एकामागे एक अशा तीन चाळण्या करा. चिलीतल्या अलेर्से या अलर्ट-ब्रोकरनेही (अलर्ट चाळून पुढे वाटणाऱ्या यंत्रणेने) हीच वाट धरली आहे: पहिल्या अलर्टच्या चित्रावरून पाच ढोबळ गट पाडणारे एक मॉडेल, आणि किमान ६ नोंदी जमल्यावर प्रकाशवक्रावरून (वेळेगणिक तेज कसे बदलले त्या आलेखावरून) १५ जाती सांगणारे दुसरे.

पुढची सगळी कृती मुख्यतः तिसऱ्या चाळणीची आहे. गट पाच ठेवा: टाइप वन-ए (श्वेत खुज्या ताऱ्याचा स्फोट), टाइप टू (हायड्रोजन राखलेल्या जड ताऱ्याचा), टाइप वन-बी/सी (हायड्रोजन गमावलेल्या जड ताऱ्याचा), अतितेजस्वी अतिनवतारे आणि ‘इतर’.

२. लेबले जमवा, आणि त्यांच्यावर संशय घ्या

लेबल म्हणजे वर्णपटाने सिद्ध झालेली जात. ती नव्या घटनांची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर मिळते, आणि झेडटीएफच्या ब्राइट ट्रान्झियंट सर्व्हेची यादीही खुली आहे. या सर्व्हेचा भर १८.५ प्रतीपर्यंतच्या घटनांचे वर्णपट जवळजवळ न सोडता घेण्यावर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. (प्रत म्हणजे तेजाचे माप; ती जितकी मोठी तितकी वस्तू मंद, हे नवख्यांनी पक्के लक्षात ठेवावे.)

यादी उतरवली की दोन गोष्टी दिसतील. टाइप वन-ए सत्तर टक्क्यांच्या आसपास भरतात. आकाशात त्यांची संख्या तेवढी नाही; ते तेजस्वी असल्याने लांबूनही दिसतात. दुसरी गोष्ट, लेबले एकसारखी पक्की नसतात. शिखराच्या आधी घेतलेल्या वर्णपटावरून ‘टाइप टू’ म्हटलेला तारा पुढे ‘टू-बी’ निघतो, आणि वन-बी व वन-सी यांची अदलाबदल तर नेहमीची. ज्या तपशिलावर तज्ज्ञांतच एकमत नाही तो मॉडेलकडून मागू नका. उपजाती मोठ्या गटात मिसळा. फक्त ‘टू-एन’ जपून हाताळा: त्याचा प्रकाश महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि तो टाइप टूच्या गटात टाकला की गटाचा आकारच फाटतो. ५० हून अधिक नमुने मिळाले तर त्याला वेगळा गट करा, नाहीतर पहिल्या आवृत्तीत वगळा.

३. चित्रे स्वतः उघडून बघा

झेडटीएफच्या प्रत्येक अलर्टसोबत तीन छोटी चित्रे येतात: नवे, संदर्भाचे आणि वजाबाकीचे. प्रत्येक ६३ गुणिले ६३ पिक्सेलचे, एक पिक्सेल सुमारे १ विकलेचा (अंशाच्या ३,६०० व्या भागाचा), म्हणजे चौकट एका कलेहून (६० विकलांहून) जराशी मोठी. वातावरणामुळे तारा साधारण २ विकलांत पसरतो. म्हणून खरा स्रोत वजाबाकीच्या चित्रात मध्यभागी दोन-तीन पिक्सेलचा, कडांकडे मऊपणे विरत जाणारा ठिपका दिसतो. वैश्विक किरणाचा ओरखडा असा विरत नाही. एक पिक्सेल लखलखीत आणि शेजारचा एकदम काळा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा चिकटलेला जोड-ठिपका दिसला तर दोन चित्रे नीट जुळवली गेलेली नाहीत. तेजस्वी ताऱ्याशेजारची कडी आणि आडवे-उभे पट्टे लगेच ओळखू येतात.

या कामासाठी मॉडेल बांधायची गरज नाही. द्मित्री ड्युएव, आशिष महाबळ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ब्राय’ हे कन्व्होल्यूशनल नेटवर्क प्रसिद्ध केले. ते हीच तीन चित्रे खाते आणि ० ते १ असा खरेपणाचा गुण देते. हा गुण अलर्टमध्येच लिहिलेला असतो. ०.६५ च्या खालचे गाळा, पण गाळलेल्यांतले शंभरेक डोळ्यांनी तपासा. दीर्घिकेच्या तेजस्वी गाभ्याला लागून फुटलेला तारा अनेकदा तिथेच सापडतो.

लघुग्रहांसाठी सोपी अट पुरते: त्याच जागी ३० मिनिटांहून अधिक अंतराने दोन नोंदी हव्यात. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह तासाला साधारण ३० विकला सरकतो, म्हणजे अर्ध्या तासात तो १५ विकला पुढे गेलेला असतो. मात्र या अटीत काही मिनिटांत भडकून विझणाऱ्या लाल खुज्या ताऱ्यांच्या ज्वालाही गळतात. तुमचा शोध अशा क्षणिक गोष्टींचा असेल तर ही अट काढा आणि लघुग्रहांच्या ज्ञात कक्षांशी ताळा करा.

४. प्रत नको, प्रकाशप्रवाह घ्या

सर्वांत जास्त नुकसान या पायरीवर होते. अलर्टमध्ये फक्त पाच सिग्माच्या, म्हणजे त्रुटीच्या पाचपटीच्या, वरच्या नोंदी असतात. तारा उगवण्याआधीचे ‘काही नव्हते’ आणि मावळतीचे ‘जवळजवळ काही नाही’ हे बिंदू त्यात नसतात, आणि चढ किती वेगाचा हे तर त्यांच्यावरूनच कळते. म्हणून प्रत्येक वस्तूसाठी फोर्स्ड फोटोमेट्री मागवा. त्यात ठरलेल्या जागेवरचा प्रवाह आणि त्याची त्रुटी प्रत्येक छायाचित्रातून मोजलेली असते, स्रोत दिसो वा न दिसो. असा प्रवाह ऋणही येतो. ऋण संख्येचा लॉगरिदम नसतो, म्हणून प्रतीत काम करणारे लोक नकळत हे बिंदू फेकून देतात आणि वक्र वर सरकतो.

एकक मायक्रोजान्स्की ठेवा. २३.९ प्रत म्हणजे १ मायक्रोजान्स्की. त्या हिशेबाने २० प्रत म्हणजे सुमारे ३६, आणि झेडटीएफच्या २०.५ या नेहमीच्या मर्यादेला सुमारे २३. ही मर्यादा पाच सिग्माची, तेव्हा एका बिंदूची त्रुटी साडेचारच्या आसपास यायला हवी. तुमच्या फायलीत मंद बिंदूंची त्रुटी ०.४ दिसत असेल तर एककात कुठेतरी दहाची चूक आहे.

मग या क्रमाने:

पायारेषा तपासा. संदर्भचित्र घेतले गेले तेव्हाच तारा पेटलेला असेल तर त्याचा प्रकाश संदर्भात मिसळतो आणि सगळा वक्र खाली बसतो. पहिल्या नोंदीच्या १०० दिवस आधीच्या बिंदूंचा मध्यक काढा. तो शून्यापासून लक्षणीय दूर असेल तर सगळ्या बिंदूंतून वजा करा. हे प्रत्येक फिल्टरसाठी आणि प्रत्येक सीसीडी-तुकड्यासाठी वेगळे करावे लागते.

चिन्ह सांभाळा. निव्वळ अलर्ट वापरत असाल तर वजाबाकी धन की ऋण हे सांगणारा रकाना वाचा. ऋण वजाबाकीलाही प्रत दिलेली असते, आणि रकाना न वाचणाऱ्याला मंद होणारा तारा उजळताना दिसतो.

आपल्या आकाशगंगेतल्या धुळीची भरपाई करा. धुळीच्या नकाशातून त्या दिशेचे बी-व्ही रंगाधिक्य (धुळीने आलेला जादा लालपणा) घ्या. जी (हिरव्या) फिल्टरमध्ये त्याच्या ३.३ पट आणि आर (लाल) फिल्टरमध्ये २.३ पट प्रत वाढते, म्हणजे वस्तू तेवढी मंद दिसते. रंगाधिक्य ०.१ असेल तर नुसत्या धुळीने जी-आर रंग ०.१ ने बदलतो, आणि जातींमधला फरक कधी कधी तेवढाच असतो. ०.३ च्या वरचे क्षेत्र सरळ वगळा.

शेवटी, मोजमापाच्या त्रुटीत प्रवाहाच्या २ टक्के चौरस-बेरजेने (वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेऊन) मिळवा. तेजस्वी बिंदूंच्या त्रुटी कागदावर अवाजवी लहान असतात, आणि पुढचे गॉसियन प्रोसेस (विरळ बिंदूंतून अखंड वक्र आणि त्याची अनिश्चितता काढणारी रीत) त्या खऱ्या मानून वाकडेतिकडे वळते.

५. वाटणी आत्ताच करा

वैशिष्ट्ये काढण्याआधी, एकही आलेख बघण्याआधी. एका वस्तूचे सगळे बिंदू, सगळे फिल्टर आणि पुढे तयार होणाऱ्या तिच्या सगळ्या कृत्रिम नकला एकाच बाजूला राहिल्या पाहिजेत. ओळीओळीने वाटणी केली की तीच वस्तू दोन्हीकडे जाते, गुण ९८ टक्के येतात आणि खऱ्या रात्री मॉडेल कोसळते. वस्तूचा क्रमांक हा गट मानून पाच घड्या (आळीपाळीने चाचणीला ठेवायचे भाग) पाडा.

याखेरीज एक संच काळावरून बाजूला काढा. समजा २०२२ पर्यंतच्या वस्तूंवर शिकवले तर २०२३ च्या वस्तूंना काम संपेपर्यंत हात लावायचा नाही. संदर्भचित्रे बदलतात, निरीक्षणांची वारंवारता बदलते, आणि मॉडेलला प्रत्यक्षात नेहमी पुढच्या काळातलीच वस्तू मिळणार असते.

६. विरळ बिंदूंतून वक्र

ढग, चांदणे आणि वेळापत्रक यांमुळे बिंदू कधी दोन दिवसांनी, कधी दहा दिवसांनी येतात. जी आणि आर एकाच रात्री मिळतीलच असे नाही. यावर गॉसियन प्रोसेस हा उत्तम उपाय. २०१८ मध्ये रुबिनच्या तयारीसाठी कॅगलवर झालेली ‘प्लॅस्टिक’ ही स्पर्धा काइल बून यांनी याच वाटेने जिंकली: वेळ आणि तरंगलांबी या दोन अक्षांवर मिळून एकच गॉसियन प्रोसेस. फायदा असा की आरमध्ये खंड असला तरी जीमधले बिंदू त्याला आधार देतात.

कर्नल (शेजारचे बिंदू एकमेकांशी किती निगडित हे सांगणारे सूत्र) मॅटर्न ३/२ घ्या. तरंगलांबीचा पल्ला ६००० अँगस्ट्रॉमवर पक्का करा. दोन-तीन फिल्टरांवरून तो शिकता येत नाही. वेळेचा पल्ला २० दिवसांपासून सुरू करून ३ ते १५० च्या मर्यादेत सोडा. मर्यादा नसेल तर सहा-सात बिंदूंच्या वस्तूंत तो हजारांवर पळतो आणि वक्राची सपाट रेघ होते, किंवा एका दिवसाखाली उतरतो आणि प्रत्येक बिंदूवर सुई उभी राहते. मिळालेला पल्ला मर्यादेला टेकलेला असेल त्या वस्तूवर खूण करा. आणि वक्रासोबत त्याची अनिश्चितताही जपून ठेवा.

७. कोणती वैशिष्ट्ये

दीडशे रकाने काढण्याआधी भौतिकी आठवा. टाइप वन-ए सुमारे १८ दिवसांत शिखराला पोचतो, निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसेल ती प्रत) उणे १९.३ च्या आसपास, आणि शिखरानंतर तीन-चार आठवड्यांनी आर फिल्टरमध्ये खांदा, आय (अवरक्ताजवळच्या) फिल्टरमध्ये दुसरा उंचवटा दिसतो. टू-पी (टाइप टूची उपजात) झटकन चढतो आणि मग हायड्रोजनमुळे १०० दिवसांच्या आसपास पठारावर टिकतो. वन-बी/सी आकाराने वन-एसारखाच, पण मंद आणि अधिक लाल. अंतर ठाऊक नसेल तर या दोघांची गल्लत अटळ आहे. अतितेजस्वी तारे उणे २१ च्या आसपास आणि संथ. ‘इतर’ गटातले भडकणारे द्वैती तारे एक-दोन दिवसांत चढतात आणि निळेच राहतात. कृष्णविवराने फाडलेल्या ताऱ्याचा प्रकाश गाभ्यातून येतो, निळा असतो आणि महिनाभर रंग फारसा बदलत नाही.

यातूनच रकाने ठरतात: प्रत्येक फिल्टरचे शिखर, २० आणि ५० टक्क्यांपासून शिखरापर्यंतचा काळ, उतरणीचा तसाच काळ, शिखरानंतर १५ दिवसांतली घट, शिखरावरचा आणि पुढे १५ दिवसांनी असलेला जी-आर रंग, या दोन रंगांतला फरक, यजमान दीर्घिकेच्या गाभ्यापासूनचे अंतर, आणि मिळाली तर ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाश लालकडे किती सरकला ते माप, म्हणजे अंतराचा अंदाज). अशी २०-२५ पुरतात. काळाचे सगळे रकाने १ अधिक ताम्रसृती या संख्येने भागा, ०.५ ताम्रसृतीला १८ दिवसांचा चढ आपल्याला २७ दिवसांचा दिसतो.

काही रकाने घातक आहेत. बिंदूंची संख्या, पहिल्या-शेवटच्या नोंदीतले दिवस, वस्तूचा क्रमांक, आकाशातली जागा. रोचक वस्तूंवर जास्त निरीक्षणे होतात, म्हणून बिंदूंची संख्या ‘माणसांना हे आवडले’ एवढेच सांगते. यजमानाची ताम्रसृतीही तपासा: ती अतिनवताऱ्याच्याच वर्णपटातून काढलेली असेल तर उत्तर प्रश्नात शिरले. नवीन वस्तूला ती मिळणार नाही.

८. शिकवणीचा संच आणि खरे आकाश यांतली दरी

प्लॅस्टिक स्पर्धेत शिकवणीला ७,८४८ वस्तू होत्या आणि चाचणीला सुमारे ३५ लाख. शिकवणीतल्या वस्तू जवळच्या आणि तेजस्वी, कारण वर्णपट त्यांचाच घेता येतो. चाचणीतल्या दूरच्या आणि मंद. प्रत्येक सर्व्हेत हेच असते. १८ प्रतीवर शिकलेले मॉडेल २० प्रतीच्या वस्तूवर आत्मविश्वासाने चुकते.

उपाय: तेजस्वी वस्तूंना कृत्रिमरीत्या दूर ढकला. वस्तूच्या गॉसियन वक्रावर नवी ताम्रसृती निवडा, काळ त्या प्रमाणात ताणा, तरंगलांब्या सरकवा, दीप्ति-अंतराच्या (तेज किती घटते ते सांगणाऱ्या अंतराच्या) वर्गाने प्रवाह घटवा, प्रत्यक्ष निरीक्षणांच्या वेळापत्रकातून तारखा उचला, त्या रात्रींचा खराखुरा गोंगाट मिसळा, आणि पाच सिग्माचे किमान दोन बिंदू उरले तरच ती नक्कल ठेवा. फार लांब ढकलू नका: जी फिल्टरमध्ये मग मूळचा अतिनील प्रकाश लागतो, जो कधी मोजलाच नव्हता. १ अधिक ताम्रसृती ही संख्या मूळच्या दीडपटीवर नेऊ नका. आणि ज्या गटात १२ नमुने आहेत त्याच्या हजार नकला करून गट ‘समतोल’ झाला असे मानू नका. ते १२ तारेच हजार वेळा पाठ होतात.

९. मॉडेल

आधी ५०० निर्णयवृक्षांचे रँडम फॉरेस्ट, पायाभूत तुलनेसाठी. मग लाइटजीबीएम (प्रत्येक नवे झाड आधीच्यांची चूक सुधारते अशी पद्धत): शिकण्याचा वेग ०.०५, पाने १५ ते ३१, एका पानात किमान २० नमुने, ५० फेऱ्यांत सुधारणा नसेल तर थांबा. काही हजार वस्तूंवर काही मिनिटांचे काम. न्यूरल नेटवर्क तेव्हा घ्या जेव्हा प्रत्येक नव्या बिंदूसरशी अंदाज बदलत जायला हवा असेल. २०१९ चे ‘रॅपिड’ हे जीआरयू प्रकारचे (क्रमाने येणारे बिंदू लक्षात ठेवणारे) नेटवर्क त्यासाठीच बांधलेले आहे. लाइटजीबीएमनेही हे साधते, फक्त शिकवणीचे वक्र २, ५, १०, २० दिवसांवर कापून द्यावे लागतात. पूर्ण वक्रांवर शिकलेल्या मॉडेलला तीन बिंदू दाखवले तर उत्तर येते, पण त्याला अर्थ नसतो.

१०. गुण मोजताना

एकूण अचूकता लिहूच नका. सगळ्यांना ‘वन-ए’ म्हणणारे मॉडेलही सत्तर टक्क्यांच्या आसपास जाईल. प्रत्येक गटाची शुद्धता (त्या गटात टाकलेल्यांपैकी किती खरे) आणि पूर्णता (खऱ्यांपैकी किती सापडले) वेगवेगळी द्या, आणि ती दोन अक्षांवर: पहिल्या नोंदीपासूनचे दिवस आणि शिखराची प्रत. पाचव्या दिवशी वन-ए आणि टू यांत गोंधळ दिसला तर घाबरू नका. तो विसाव्या दिवशीही असेल तर सहाव्या-सातव्या पायरीवर परत जा.

आता संभाव्यता. मॉडेल ०.९ म्हणते त्या वस्तूंपैकी खरोखर दहातल्या नऊ बरोबर आहेत का, ते बाजूच्या संचावर तपासा. समतोल केलेल्या गटांवर शिकलेल्या मॉडेलचे आकडे तसेच कधी वापरू नयेत. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेतून येणारा किलोनोव्हा घ्या. १७ ऑगस्ट २०१७ च्या गुरुत्वलहरींनंतर एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत दिसलेला असा एक उजेड निळ्या रंगात काही दिवसांतच विझला. समजा ‘किलोनोव्हा’ आणि ‘बाकी सगळे’ निम्मेनिम्मे ठेवून मॉडेल शिकवले आणि ते एका वस्तूला ०.९ देते. म्हणजे ९ विरुद्ध १. पण तुमच्याकडे येणाऱ्या वस्तूंत दहा हजारांत एकच किलोनोव्हा येत असेल, तर ९ ला ९,९९९ ने भागा: संभाव्यता एक हजारांशाहूनही कमी. गट अनेक असले तरी रीत तीच. प्रत्येक गटाची संभाव्यता खऱ्या प्रमाणाने गुणा, शिकवणीतल्या प्रमाणाने भागा आणि बेरीज पुन्हा १ करा.

‘माहीत नाही’ हेही उत्तर असू द्या. प्लॅस्टिकच्या चाचणीत शिकवणीत कधीच न आलेल्या जाती मुद्दाम मिसळल्या होत्या, आणि आकाश तर रोजच तसे करते. वैशिष्ट्यांवर आयसोलेशन फॉरेस्ट चालवा. सर्वांत एकाकी निघालेल्या वस्तू माणसाकडे पाठवा.

११. रात्रीच्या कामाला लावताना

ब्रोकरकडून अलर्ट घ्या, तिन्ही चाळण्या लावा, आणि रोज माणसापुढे वीस-पंचवीस वस्तूंची यादी येईल असा उंबरठा ठेवा. प्रत्येक नावाशेजारी तीन चित्रे, वक्र आणि संभाव्यता हव्यात. नुसत्या आकड्यावर कोणी दुर्बीण वळवत नाही.

इथे भारताच्या भूगोलाचा मोठा उपयोग होतो. पालोमार आणि लडाखमधले हानले दोन्ही ३३ अंश उत्तरेच्या आसपास, त्यामुळे दोघांच्या माथ्यावरून तेच आकाश जाते. रेखांशात मात्र सुमारे १३ तासांचे अंतर. पालोमारला पहाट होते तेव्हा हानलेला संध्याकाळ उतरत असते. भारतीय ताराभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ०.७ मीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया दुर्बीण तिथे त्याच वस्तूचा पुढचा बिंदू घेऊ शकते, आणि शेजारच्या २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर वर्णपट मिळतो. पहिल्या दोन दिवसांत १२ तासांनी मिळालेला तो एक बिंदू चढाचा वेग पक्का करतो. तेव्हा तुमची यादी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ च्या आत तयार व्हायला हवी.

मिळालेले वर्णपट पुन्हा शिकवणीत घालताना सावध राहा. मॉडेलने निवडलेल्यांचेच वर्णपट घेतले तर पुढची आवृत्ती स्वतःच्याच आवडीवर शिकते. दर दहा वर्णपटांमागे एक वस्तू मॉडेलचे न ऐकता, त्या रात्रीच्या पुरेशा तेजस्वी वस्तूंतून चिठ्ठी टाकून निवडा. या चिठ्ठीच्या वस्तू शिकवणीत घालू नका. त्यांची वेगळी फाइल ठेवा आणि प्रत्येक नव्या आवृत्तीची चाचणी तिच्यावर घ्या.